चीनमधील उलथापालथ जगलेले आजोबा घरी येत आहेत. त्यांच्याशी काय आणि कसे बोलावे?

गोदाकाठची_वाचक

नमस्कार. माझा मुलगा नोकरीनिमित्त सिंगापूरला असतो आणि त्याची पत्नी चिनी आहे. या हिवाळ्यात सुनेचे आजोबा, म्हणजे तिच्या वडिलांचे वडील, तिच्याबरोबर आमच्याकडे नाशिकला राहायला येणार आहेत. त्यांचा जन्म १९४२चा. मूळ गाव हेनान प्रांताच्या दक्षिणेकडील सुइपिंग तालुक्यात. तिथेच त्यांनी प्राथमिक शाळेत बरीच वर्षे शिकवले आणि निवृत्तीनंतर ते मुलाकडे झेंगझाऊ शहरात राहू लागले. याहून अधिक सुनेलाही ठाऊक नाही. ‘आजोबा जुने काही बोलत नाहीत,’ एवढेच ती सांगते.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, पण वाचनाची आवड आहे. माओ, सांस्कृतिक क्रांती, मोठा दुष्काळ हे सारे मी पुस्तकांतून वाचले आहे. ज्यांनी ते प्रत्यक्ष भोगले असे कोणी आपल्या घरी येऊन राहणार आणि आपण त्यांना चहा-पोहे देऊन, द्राक्षांचे मळे दाखवून परत पाठवणार, हे मला मनापासून पटत नाही. दुसरीकडे, जे ते स्वतःच्या नातीलाही सांगत नाहीत ते विचारण्याचा अधिकार मला कोणी दिला, असेही वाटते.

त्यात भर म्हणजे माझे सासरे. ते ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झाले असून वय ८६ आहे. पाहुणे येणार हे कळल्यावर त्यांनी आनंदाने खोली आवरून घेतली, पण ‘बासष्टच्या भारत-चीन युद्धाबद्दल मी त्यांना विचारणारच’ हेही स्पष्ट सांगून टाकले आहे.

तेव्हा जाणकारांनी मार्गदर्शन करावे. भेटीआधी आपण काय माहिती करून घ्यावी, जुना काळ विचारावा की विचारूच नये, आणि विचारायचाच तर सुरुवात कुठून करावी? पांडवलेणी आणि एखाद्या संध्याकाळी गंगापूर धरणाचा जलाशय दाखवावा, असा आमचा बेत आहे.

इतिहास_नाशिकरोड

ताई, आपण जन्मसाल आणि तालुका या दोन गोष्टी लिहिल्या आहेत आणि त्या दोहोंतून फार काही कळते. चीनविषयी बोलताना आपण सहसा ‘माओच्या काळात’ असे एका दमात म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात त्या तीस वर्षांत कोणाच्या वाट्याला काय आले, हे तो माणूस त्या त्या वर्षी किती वयाचा होता आणि कुठे राहत होता यावर ठरत असे. शांघायमधल्या गिरणी कामगाराचे १९६० आणि सुइपिंगमधल्या शेतकऱ्याचे १९६० ही एकाच देशातली वर्षे वाटत नाहीत. म्हणून कागद घेऊन त्यांच्या वयाचा हिशेब मांडावा, असे मी सुचवेन.

ते जन्मले त्या १९४२ सालीच हेनानमध्ये जपानशी चाललेल्या युद्धाच्या छायेत भीषण दुष्काळ पडला आणि त्यात वीस ते तीस लाख माणसे दगावल्याचे अंदाज आहेत. १ ऑक्टोबर १९४९ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा झाली तेव्हा ते सात वर्षांचे होते. पुढच्याच वर्षीच्या जमीन सुधारणा कायद्यानंतर गावोगावी प्रत्येक घराला जमीनदार, श्रीमंत शेतकरी, मध्यम शेतकरी, गरीब शेतकरी असा शिक्का मारण्यात आला. तो शिक्का बापाकडून मुलाकडे येत असे आणि शाळा, नोकरी, लग्न या प्रत्येक वळणावर आडवा येत असे. जमीनदार आणि श्रीमंत शेतकरी हे शिक्के पुसण्याचा निर्णय व्हायला १९७९ साल उजाडावे लागले. आजोबा आपल्या आईवडिलांविषयी बोलायचे टाळत असतील, तर त्यामागे कदाचित हे कारण असेल.

आता त्यांच्या तालुक्याकडे येतो. चीनमधले पहिले लोक-कम्यून, म्हणजे अनेक गावांची जमीन आणि शेती एकत्र करून उभी केलेली संस्था, म्हणून ज्याचे नाव घेतात ते चायाशानचे कम्यून १९५८मध्ये याच सुइपिंग तालुक्यात उभे राहिले. खासगी चूल बंद झाली, घरोघरच्या लोखंडी कढया पोलाद करण्यासाठी भट्टीत गेल्या आणि सगळ्यांनी सार्वजनिक भोजनगृहात जेवायचे असे ठरले. आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे होते. त्या दिवसांत सुइपिंग हे शिनयांग विभागात मोडत असे, आणि १९५९-६०च्या हिवाळ्यातील उपासमारीचा सर्वांत भयानक तडाखा ज्या प्रदेशांना बसला त्यांत शिनयांगचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. साधारण ऐंशी लाख लोकवस्तीच्या त्या विभागात दहा लाखांच्या आसपास माणसे गेली, असे अभ्यासक मानतात. साऱ्या देशाचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. या वर्षांना दीर्घकाळ ‘नैसर्गिक आपत्तीची तीन वर्षे’ असे सरकारी नाव होते. शिनयांगमध्ये मात्र फुगवलेल्या उत्पादनाच्या आकड्यांवरून धान्यवसुली झाली, गाव सोडून निघालेल्यांना रस्त्यावर अडवण्यात आले आणि बाहेर मदत मागणारी पत्रे टपाल कार्यालयातच रोखून धरण्यात आली. सतराअठरा वर्षांच्या त्या मुलाने घरात किंवा शेजारी उपासमारीचा मृत्यू पाहिला नसेल, हे मला अवघड वाटते.

१९६६मध्ये सांस्कृतिक क्रांती, म्हणजे जुने विचार आणि कथित विरोधक यांच्याविरुद्ध माओंनी पुकारलेली मोहीम, सुरू झाली तेव्हा ते चोवीस वर्षांचे शिक्षक असणार. त्या उन्हाळ्यात सर्वांत आधी मार खाल्ला तो शिक्षकांनीच, आणि तोही बहुतेक ठिकाणी स्वतःच्या विद्यार्थ्यांकडून. पण इथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. पुढील दोन वर्षांत गटागटांत इतक्या वेळा पारडे फिरले की आज व्यासपीठावर उभा राहून दुसऱ्याला दोषी ठरवणारा माणूस उद्या त्याच व्यासपीठावर मान खाली घालून उभा असे. देशाचे अध्यक्ष असलेले लिऊ शाओची हेसुद्धा यातून सुटले नाहीत. त्यांचा अंत १९६९मध्ये याच हेनान प्रांतातील कायफेंग इथे, नजरकैदेत, उपचारांअभावी झाला. म्हणून ‘तुम्ही कोणत्या बाजूला होतात’ हा प्रश्न कृपया विचारू नये. ज्याला एकाच आयुष्यात दोन्ही बाजूंना उभे राहावे लागले असेल, त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नसते आणि आपल्याला त्याचा निवाडा करण्याचे कारणही नाही.

गंगापूर धरणाचा बेत मात्र आजच रद्द करा. ऑगस्ट १९७५मध्ये एका चक्रीवादळाने हेनानच्या या भागावर तीन दिवसांत काही ठिकाणी एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस ओतला. इगतपुरीचा पाऊस अंगावर घेतलेल्यालाही हा आकडा चक्रावून टाकतो. ८ ऑगस्टच्या पहाटे बानचियाव हे मातीचे मोठे धरण फुटले, त्या पुरात लहानमोठी मिळून ६२ धरणे गेली आणि सुइपिंग तालुका थेट त्या लोंढ्याच्या वाटेत होता. अधिकृत आकडा २६,०००च्या आसपास मृत्यूंचा आहे. नंतरची रोगराई आणि उपासमार धरून केलेले अंदाज लाखाच्या पुढे जातात. पुण्यातली जुनी माणसे आजही ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ असे बोलतात, कारण १९६१च्या त्या पुराविषयी बोलायला त्यांना कोणी बंदी केली नाही. बानचियावविषयी चीनमध्ये कितीतरी वर्षे छापूनही येत नव्हते. मातीच्या धरणाच्या भिंतीवर त्या गृहस्थांना फिरायला नेऊ नये. फाळके स्मारकाच्या बागेत बसावे. लेण्यांच्या पायऱ्या त्यांच्या वयाला झेपणाऱ्या नाहीत, पण खालून त्रिरश्मीचा डोंगर छान दिसतो.

निफाडचा_शेतकरी

वरील प्रतिसाद दोनदा वाचला. फुगवलेल्या आकड्यांचा उल्लेख आला आहे, त्यात एक भर घालतो, कारण तो आकडा शेतकऱ्याने वाचल्याशिवाय त्यातली भयानकता ध्यानात येत नाही. जून १९५८मध्ये चीनच्या सरकारी वृत्तपत्राने बातमी दिली की सुइपिंगमधल्या चायाशानच्या याच शेतकरी संस्थेने एका मू जमिनीत २,१०५ जिन गहू काढला. आपल्या मापात हे एकरी सुमारे ६४ क्विंटल होतात. आमच्या निफाडला गव्हाचे संशोधन केंद्र आहे, जमीन काळी आहे, कालव्याचे पाणी आहे, सुधारित बियाणे आणि खते आहेत. तरी एकरी वीस क्विंटल गहू झाला तर शेतकरी समाधानाने खळे आवरतो. सहा दशकांहून जुन्या त्या काळात, बहुतांश हाताने केलेल्या शेतीत ६४ क्विंटल पिकणे शक्यच नव्हते, आणि हे त्या गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याला त्या दिवशीच कळले असणार. बोलायची सोय मात्र कोणालाच नव्हती. पुढच्या वर्षी वसुलीचा माणूस आला तो हाच आकडा धरून. एवढे समजले की दुष्काळ कुठून आला हे वेगळे सांगावे लागत नाही.

ताईंना माझी सूचना अशी की आजोबांना काही विचारण्याऐवजी आधी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी बहात्तरचा दुष्काळ सांगावा. आमचे आजोळ सिन्नर तालुक्यात आहे. आजी सांगत असे की पाझर तलावाच्या कामावर दिवसभर खडी फोडायची, दुपारी मुलांना सुकडी मिळायची, आणि रेशनवरच्या मिलोची भाकरी तव्यावर टाकली की उलटताना तिचे तुकडे पडत, म्हणून ती हाताने न थापता पातळ कालवून ओतली जाई. माणूस भुकेविषयी बोलतो तो समोरच्यालाही भूक ठाऊक आहे हे कळल्यावरच.

दोन्ही दुष्काळ एकच, असे मात्र कोणी त्यांना सांगू नये. बहात्तरला आपल्याकडे पाऊस गेला होता, पण वर्तमानपत्रे ओरडत होती, मोर्चे निघत होते, सरकारला कामे काढावी लागली. जिथे वृत्तपत्रे मोकळी असतात आणि सरकारला मते मागायला जावे लागते तिथे मोठे भूकबळी होत नाहीत, असे अमर्त्य सेन यांनी जे मांडले, त्यासाठी ते भारत आणि चीन यांचेच उदाहरण देतात.

सातपूर_ते_निंगबो

मी यंत्रसामग्रीच्या खरेदीसाठी अनेक वर्षे चीनला जात आहे आणि कामापुरती चिनी भाषा बोलतो. वरच्या मंडळींनी इतिहास उत्तम सांगितला आहे, म्हणून मी फक्त बसून बोलण्याविषयी लिहितो.

पहिला प्रश्न दुभाष्याचा आहे. आजोबांची हेनानी बोली आणि तुमची मराठी यांच्यामध्ये तुमची सूनच बसणार. म्हणजे जे तिने आयुष्यात कधी ऐकले नाही ते ती प्रथमच ऐकणार, आणि ऐकता ऐकताच तिला ते दुसऱ्या भाषेत, सासूसमोर सांगायचे. यात दोघांचीही कोंडी होते. आजोबा नातीला त्रास नको म्हणून हातचे राखून बोलतील आणि नात आजोबांचा मान राहावा म्हणून वाक्ये मऊ करील. तिच्याशी आधी स्वतंत्रपणे बोला. तिची तयारी नसेल तर हा विषय सोडून द्या, कारण हे सर्व ऐकण्याचा पहिला हक्क तिचा आहे, आपला नंतरचा.

दुसरे असे की प्रश्न मोठ्या घटनांचे नसावेत, वस्तूंचे असावेत. निंगबोला ज्यांच्याकडून आम्ही यंत्रे घेतो, त्या मालकांचे वडील जेवताना आमच्याबरोबर बसत. राजकारणाचे नाव निघाले की ते उठून हात धुवायला जात. एकदा मी आपल्याकडच्या रेशन कार्डाविषयी, रॉकेलच्या रांगेविषयी सांगत होतो. ते आत गेले आणि एक लहान वही घेऊन आले. तिच्या पानांत जुन्या धान्यकुपनांचे कपटे जपून ठेवले होते, टपाल तिकिटापेक्षा थोडे मोठे, काठ झिजून मऊ पडलेले. त्यांतले शांघायचे एक कुपन अर्ध्या लियांगचे, म्हणजे २५ ग्रॅमचे होते. कुपन नसेल तर खिशात पैसे असूनही वाटीभर शेवया मिळत नसत. एका प्रांताचे कुपन दुसऱ्या प्रांतात चालत नसे, त्यामुळे प्रवासाला निघायचे तर देशभर चालणारे वेगळे कुपन आधी मिळवावे लागे. १९५५च्या सुमारास सुरू झालेली ही पद्धत १९९३पर्यंत टिकली. ते त्या २५ ग्रॅमच्या कुपनावर बोट ठेवून बोलू लागले आणि तासभर बोलत राहिले: बहिणीच्या वाट्याचे धान्य कोण मोजत असे, मापाला कोण हात लावत असे, कोणाच्या घरी पाहुणा आला की काय होत असे. माओंचे नाव त्यात एकदाही आले नाही आणि ते यावे अशी गरजही मला वाटली नाही.

तेव्हा शाळेत फळा कशाचा होता, पगारात काय मिळत असे, पहिली सायकल कधी घेतली, सार्वजनिक भोजनगृहात कोण वाढत असे, असे विचारा. दुःखाचे ते सांगायचे की नाही, हे मग त्यांचे ते ठरवतील.

तिसरे, ध्वनिमुद्रण करू नका, निदान त्यांनी स्वतः सुचवल्याशिवाय नाही, आणि भेटीचे वर्णन नाव-गावासह समाजमाध्यमांवर टाकू नका. ते परत चीनमध्ये राहायला जाणार आहेत. सांस्कृतिक क्रांती ही घोडचूक होती हे कम्युनिस्ट पक्षानेच १९८१च्या ठरावात मान्य केले आहे, त्यामुळे तेवढे उघड बोलता येते. पण मर्यादा कुठे संपते हे बाहेरच्याला कळत नाही, आणि २०२१पासून क्रांतीचे वीर व हुतात्मे यांची बदनामी हा तिथे फौजदारी गुन्हा ठरलेला आहे. १९८९च्या तिआनमेन चौकातील आंदोलनाचा विषय तर आपणहून काढूच नये.

गोदाकाठची_वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुइपिंग या एका नावाच्या मागे एवढे काही असेल, याची मला कल्पना नव्हती. धरणाचा बेत आम्ही रद्द केला आहे. सुनेशी काल फोनवर सविस्तर बोलले. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली की आजोबा ताटात एक शितही उरू देत नाहीत, सांडलेला कण बोटाने उचलून खातात आणि लहानपणी तिला याचा फार राग येत असे. दुभाष्याचे काम करायला ती तयार आहे, मात्र मध्येच थांबायची मुभा तिला हवी आहे आणि ती मी आनंदाने दिली आहे. सासऱ्यांना बहात्तरची कल्पना पसंत पडली. १९६२चा विषय मात्र ते सोडायला तयार नाहीत. त्यांना कसे समजवावे?

देवळाली_कॅम्प

त्यांना समजावू नका, विचारू द्या. ज्या पिढीने बासष्टचा तो ऑक्टोबर-नोव्हेंबर रेडिओला कान लावून काढला, दागिने संरक्षण निधीला दिले, तिला हा प्रश्न विचारायचा अधिकार आहे. नाशिकचे तर त्या घटनेशी जवळचे नाते आहे. युद्धानंतर संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेलेले यशवंतराव चव्हाण १९६३मध्ये लोकसभेवर गेले ते नाशिकमधून, बिनविरोध. आणि १९६४मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. आपल्या सासऱ्यांची सारी नोकरीच त्या युद्धाच्या पोटातून निघाली आहे, असे म्हणता येईल.

फक्त प्रश्न ‘तुम्ही आमच्यावर हल्ला का केलात’ असा नसावा, कारण त्याचे उत्तर सुइपिंगच्या वीस वर्षांच्या तरुणाकडे तेव्हाही नव्हते. ‘बासष्टच्या दिवाळीत तुम्ही कुठे होतात, काय करत होतात’ असा असावा. त्यांचा प्रदेश तेव्हा नुकताच उपासमारीतून बाहेर येत होता. हिमालयातील लढाई त्यांच्या गावापर्यंत कोणत्या रूपात पोहोचली, की पोहोचलीच नाही, हे ऐकणे सासऱ्यांना निश्चितच महत्त्वाचे वाटेल. त्या बदल्यात त्यांनीही आपले बासष्ट सांगावे, आणि तेही न लपवता.

भेटीच्या पहिल्या दिवशी मात्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यापासून सुरुवात करावी. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारला. योगायोगाने हेच आजोबांचे जन्मवर्ष आहे. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. ‘कोटणीस’ हे नाव आजोबांना कळणार नाही. चीनमध्ये कोटणीसांना ‘के दिहुआ’ म्हणतात आणि शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या माणसाला ते ठाऊक असण्याची शक्यता मोठी आहे. सासऱ्यांकडून कोटणीसांचे एखादे छायाचित्र मोठे छापून घ्या, म्हणजे सुनेला भाषांतर करावे लागण्याआधीच दोघांचे बोलणे सुरू होईल. कोटणीसांची समाधी शिजियाझुआंग शहरात आहे आणि ते शहर झेंगझाऊहून बीजिंगकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच लागते, त्यामुळे पुढे कधी आपण त्यांच्याकडे गेलात तर सर्वांनी मिळून तिथे जाऊन येणे सहज जमेल.